डीएफ आणि डीयूचा हिशोब जुळत नाही तेव्हा

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"नमस्कार. आम्ही दोघी बहिणी घरातूनच पुस्तकांची मांडणी आणि मुखपृष्ठांचं काम करतो. घरात पाच संगणक, एक प्रिंटर आणि कोपऱ्यात एक जुना संगणक आहे. तीन वर्षांपूर्वी भाच्याने त्यावर डेबियन लिनक्स टाकून दिलं. आमच्या सगळ्या फायली त्यावर असतात आणि रोज रात्री बाहेरच्या यूएसबी डिस्कवर बॅकअप होतो, असं तो सांगून गेला. आता तो शिकायला दूर गेलाय आणि हे मशीन माझ्याकडे आलंय. मागच्या आठवड्यात अचानक कोणालाच फाइल सेव्ह करता येईना, 'जागा शिल्लक नाही' असा संदेश. बघते तर बॅकअपची डिस्क मशीनला दिसतच नव्हती. वायर काढून परत लावली, मशीन रीस्टार्ट केलं, डिस्क आली. पण तिच्यावरचा शेवटचा बॅकअप चार महिन्यांपूर्वीचा! एक जुना मोठा व्हिडिओ पुसून थोडी जागा केली. तरी डीएफ (डिस्कवर किती जागा वापरली ते सांगणारी कमांड) म्हणतं, ४५८ जीबीच्या मुख्य डिस्कपैकी ४३० जीबी वापरलेत. बाहेरची डिस्क सोडून सगळे फोल्डर डीयूने (फोल्डरांचा आकार मोजणारी कमांड) मोजले, तर जेमतेम २१५ जीबी भरतात. बाकीचे गेले कुठे? आणखी एक भीती आहे. बहिणीला बाहेरून काम करता यावं म्हणून राउटरमधून एसएसएच (दुरून मशीनमध्ये लॉगिन करायची सोय) उघडं ठेवलंय आणि लॉगमध्ये 'रूट', 'ॲडमिन' अशा नावांनी लॉगिन करायचे हजारो फसलेले प्रयत्न दिसतात. कोणी आत शिरलं असेल का? प्रिंटरचा पत्ता सारखा बदलतो. फ्री मेमरी २०० एमबीच दिसते. मी कुठूनतरी कमांड कॉपी करून चिकटवते आणि एंटर दाबताना हात थरथरतो. मला हे जमेल का? की सगळं गुंडाळून ठेवू?"

नमस्कार,

आधी एकच सांगतो. हे उत्तर वाचून होईपर्यंत त्या मशीनवरची एकही फाइल पुसू नका. हरवलेले २१५ जीबी कुठे आहेत याचा मला बराचसा अंदाज आला आहे आणि माझा अंदाज बरोबर असेल, तर गेल्या चार महिन्यांचा तुमचा बॅकअप त्याच ढिगात आहे.

बाहेरची डिस्क लिनक्समध्ये एखाद्या रिकाम्या फोल्डरवर बसते, त्याला आपण माउंट करणं म्हणतो. तुमच्याकडे ते फोल्डर बहुधा एमएनटीच्या आत असेल आणि त्याचं नाव बॅकअप असेल. डिस्क बसलेली असताना त्या फोल्डरमध्ये लिहिलेलं सगळं डिस्कवर जातं. पण डिस्क नसली तरी फोल्डर जागच्या जागी असतंच, फक्त ते मुख्य डिस्कवरचं साधं फोल्डर असतं. चार महिन्यांपूर्वी कधीतरी वीज गेली असेल, वायर सैल झाली असेल, काहीही झालं असेल आणि डिस्क सुटली. रात्री आरसिंक (फायलींची प्रत काढणारा प्रोग्राम) ठरल्या वेळी उठलं, त्याला समोर फोल्डर दिसलं आणि त्याने इमानाने सगळ्या फायली तिथे ओतल्या. त्या रात्रीपासून तुमच्या फायलींची दुसरी प्रत त्याच डिस्कवर तयार होत गेली. २१५ आणि २१५, बेरीज ४३०. तुमच्या आकड्यांनीच मला हे सांगितलं.

मग डीयूला हे दिसत का नाही? तुम्ही डिस्क परत जोडलीत तेव्हा ती त्याच फोल्डरवर जाऊन बसली आणि खालचा ढीग झाकला गेला. सतरंजी उचलली नाही तर खालची जमीन दिसणार नाही, तसं. डीयू फोल्डरांतून फिरत फिरत मोजतं, त्यामुळे झाकलेलं त्याला सापडत नाही. डीएफ थेट फाइलसिस्टीमलाच (डिस्कवर फायली मांडणाऱ्या व्यवस्थेला) विचारतं की किती ब्लॉक वापरात आहेत, त्यामुळे त्याचा आकडा खरा निघतो. हे दोघं भांडायला लागले की दोनच कारणं मी आधी तपासतो. एक हे झाकलेल्या ढिगाचं. दुसरं म्हणजे पुसलेली पण एखाद्या चालू प्रोग्रामने उघडी धरून ठेवलेली फाइल. तिचं नाव जातं, जागा मात्र तो प्रोग्राम थांबेपर्यंत सुटत नाही. अशा फायली, उघड्या फायलींची यादी देणाऱ्या एलएसओएफ कमांडला अधिक एल१ (एल मोठा) हा पर्याय दिला की दिसतात. तुम्ही मशीन रीस्टार्ट केलं आहे, म्हणजे दुसरं कारण आपोआप बाद झालं.

आकड्यांतली आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. ४५८ मधून ४३० गेले तर २८ उरायला हवेत, पण डीएफच्या उपलब्ध या रकान्यात जेमतेम ५ दिसत असतील. ईएक्सटी४ फाइलसिस्टीम बनवताना साधारण ५ टक्के जागा फक्त रूटसाठी (सगळे अधिकार असलेल्या मुख्य वापरकर्त्यासाठी) राखून ठेवली जाते, ते हे २३ जीबी. डिस्क भरली तरी रूटला आत येऊन आवराआवर करता यावी हा त्यामागचा हेतू. तुमचा बॅकअप रूटच्या नावाने चालत असेल, तर त्याने ही राखीव जागाही खायला सुरुवात केली असणार, म्हणून सगळं एकदम अडलं.

आता सतरंजी उचलून बघू. (कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहितो आहे. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत लिहायच्या, आणि मी वेगळं सांगितलं नाही तर लहान अक्षरांत.) एमएनटीच्या आत 'तळ' अशा अर्थाचं एक नवं रिकामं फोल्डर करा. मग सूडो (रूटच्या अधिकाराने कमांड चालवणारा शब्द) लावून माउंट कमांडला दोन आडव्या रेघांसह बाइंड हा पर्याय द्या, त्यापुढे मूळ फोल्डर म्हणजे नुसती तिरकी रेघ आणि त्यापुढे तुमच्या नव्या फोल्डरचा पत्ता. यामुळे मुख्य डिस्क दुसऱ्या ठिकाणीही दिसायला लागते आणि तिथे तिच्यावर बसलेल्या बाकीच्या डिस्का नसतात. त्या नव्या फोल्डरमधून आत एमएनटी आणि त्यात बॅकअप असे उतरत जा, एलएसने यादी काढा. मागच्या आठवड्यापर्यंतच्या तारखांच्या तुमच्या फायली तिथे दिसायला हव्यात. डीयू -एसएच लावून मोजा, २१५ च्या आसपास आकडा आला की कोडं सुटलं.

तो ढीग दिसल्या दिसल्या पुसावासा वाटेल. पण आधी बाहेरच्या डिस्कवर ताजा बॅकअप घ्या आणि तोही चार महिन्यांपूर्वीच्या प्रतीवर नको, शेजारी आजच्या तारखेचं नवं फोल्डर करून त्यात घ्या. मधल्या काळात चुकून एखादी फाइल पुसली गेली असेल तर जुन्या प्रतीत ती सापडेल. जागा पुरेल का हे आधी डीएफनेच बघा. प्रत झाली की त्यातल्या पाच-सात फायली खरोखर उघडा. एक अलीकडचं मुखपृष्ठ, एक जुना हिशोब, एक सगळ्यात मोठी फाइल. नुसती नावं बघून समाधान मानू नका.

आता पुसण्याची वेळ, आणि इथे मी हट्टाने सांगतो तसं करा. ते नवं 'तळ' फोल्डर यूमाउंट करा. बाहेरची डिस्क यूमाउंट करा. मग तिची वायर हाताने काढून डिस्क टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. आता बॅकअप फोल्डरमध्ये जे दिसतं ते फक्त खालचा ढीग आहे, कारण दुसरं काही मशीनला जोडलेलंच नाही. माउंटपॉइंट ही कमांड त्या फोल्डरवर चालवा, 'हा माउंट पॉइंट नाही' असं उत्तर आलं पाहिजे. ते आलं की मग पुसा. डिस्क जोडलेली ठेवून पत्ता अचूक लिहिण्याच्या भरवशावर पुसण्याची आरएम कमांड चालवणं शक्य आहे, पण दोन पत्त्यांत एका शब्दाचा फरक, आणि चुकला तर खरा बॅकअप जातो. हातात धरलेली वायर चुकत नाही.

हे पुन्हा होऊ नये म्हणून तीन गोष्टी करा. पहिली, बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये आरसिंकच्या आधी एक ओळ घाला. माउंटपॉइंट -क्यू ही कमांड नकार देईल तर तिथेच थांबायचं. दुसरी, डिस्क काढलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरवर सीएचएटीटीआर अधिक आय लावा. मग डिस्क नसताना रूटलासुद्धा तिथे काही लिहिता येत नाही, डिस्क मात्र त्याच्यावर नेहमीसारखी बसते. तिसरी, सेटिंग्जच्या ईटीसी फोल्डरमधली एफएसटॅब फाइल बघा, कोणती डिस्क कुठे बसवायची ते तिथे असतं. डिस्क तिथे एसडीबी अशा नावाने लिहिली असेल तर बदला. ती नावं रीस्टार्टनंतर इकडची तिकडे होऊ शकतात. डिस्कचा यूयूआयडी (न बदलणारा ओळख क्रमांक) लिहा, तो एलएसबीएलके -एफ ने दिसतो. त्या ओळीत नोफेल हा पर्याय आहे का पाहा. तो नसेल आणि डिस्क जोडलेली नसेल तर मशीन सुरू होताना साधारण दीड मिनिट वाट पाहतं आणि मग आणीबाणीच्या मोडमध्ये जाऊन बसतं. तो असेल तर मशीन डिस्कशिवाय गुपचूप सुरू होतं, तुमच्याकडे बहुधा हेच झालं. नोफेल ठेवाच, पण त्याच्या गुपचूपपणाला उत्तर म्हणून वरच्या दोन गोष्टी हव्याच. एफएसटॅब बदलल्यावर फाइंडएमएनटीला व्हेरिफाय पर्याय देऊन तपासा, मगच रीस्टार्ट करा.

आरसिंक वापरत असाल तर मला आणखी एक सांगायलाच हवं, कारण ते माझ्या हातून झालं आहे. एका छोट्या संस्थेचा बॅकअप मी लावून दिला होता. आरसिंकला डिलीट पर्याय दिला होता, म्हणजे मूळ जागेवरून गेलेली फाइल प्रतीमधूनही जाते. एका रात्री उलटं घडलं. मूळ फायलींची डिस्कच माउंट झाली नाही. आरसिंकला मूळ फोल्डर रिकामं दिसलं, त्याने तेच खरं मानलं आणि बॅकअप रिकामा करून टाकला. मूळ डिस्क शाबूत होती म्हणून कोणाचं नुकसान झालं नाही, पण ते बॅकअपचं रिकामं फोल्डर मी ज्या सकाळी उघडलं ती सकाळ मला अजून आठवते. तेव्हापासून माझ्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये दोन्ही बाजू तपासल्या जातात, मूळ आणि प्रत. आणि आरसिंकमध्ये काहीही बदल केला की पहिल्यांदा -एन लावून चालवतो. त्याने खरं काही होत नाही, काय होणार होतं त्याची यादी फक्त मिळते. मूळ फोल्डरच्या नावापुढची तिरकी रेघही जपून. ती असली तर फोल्डरच्या आतलं कॉपी होतं, नसली तर फोल्डरसकट. डिलीटच्या जोडीला ही एक रेघ पुष्कळ गोंधळ करू शकते.

रोजची एकच प्रत अद्ययावत करत राहणं पुरेसं नाही. आज एखादी फाइल खराब झाली तर आज रात्री तिचा खराब अवतारच बॅकअपमध्ये जाईल. आरसिंकच्या लिंक-डेस्ट पर्यायाने रोजचं वेगळं फोल्डर करता येतं आणि न बदललेल्या फायली हार्ड लिंकने (त्याच फाइलला दुसरं नाव देऊन) जुन्याच वापरल्या जातात, त्यामुळे जागा फक्त बदललेल्यांना लागते. हे स्वतः रचायचं नसेल तर रेस्टिक किंवा बोर्ग हे बॅकअपचे तयार प्रोग्राम वापरा. दोन्हींत इतिहासही राहतो आणि एन्क्रिप्शनही मिळतं. दुसरी एक डिस्क घ्या आणि ती घराबाहेर कोणाकडे तरी ठेवा, महिन्याला अदलाबदल करा. दोन डिस्कांचं रेड (दोन्हींवर तेच एकाच वेळी लिहिणारी जोडी) लावलं की झालं असं कोणी सुचवेल, त्याला नाही म्हणा. रेड एक डिस्क मेल्यावर काम चालू ठेवतं. चुकून पुसलेली फाइल मात्र दोन्ही डिस्कांवरून एकाच क्षणी जाते.

बॅकअप चार महिने बंद होता आणि तुम्हाला कळलं नाही, ही तुमची चूक नाही. तो गप्प राहील असाच लावलेला होता. स्क्रिप्टच्या शेवटी, सगळं नीट झालं तरच, एका फाइलमध्ये आजची तारीख लिहिली जाईल असं करा. मग दुसरी छोटी स्क्रिप्ट रोज सकाळी ती तारीख बघेल आणि दोन दिवसांपेक्षा जुनी असेल तर तुम्हाला मेल पाठवेल. मेल जमत नसेल तर लॉगिन करताच दिसेल अशा जागी ठळक ओळ लिहिली तरी चालेल. आणि महिन्यातून एकदा बॅकअपमधून एक फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये परत आणून उघडा. पाच मिनिटांचं काम आहे, पण माझ्या लेखी या सगळ्या पत्रातलं सर्वात महत्त्वाचं.

जुना संगणक आणि चार महिने सुटलेली डिस्क, म्हणून दोन्ही डिस्कांची तब्येतही बघा. स्मार्टमॉनटूल्स हे पॅकेज टाका आणि स्मार्टसीटीएल -ए चालवा. तक्त्यात क्रमांक ५ म्हणजे बदलून टाकलेले सेक्टर आणि क्रमांक १९७ म्हणजे वाचता न आलेले, निकालाची वाट बघत असलेले सेक्टर. दोन्हींच्या शेवटच्या रकान्यात शून्य असावं. १९७ शून्यावर नसेल आणि आठवड्यागणिक वाढत असेल तर नवी डिस्क आणायला निघा. यूएसबीच्या डब्यातली डिस्क उत्तर देत नसेल तर -डी सॅट हा पर्याय जोडून पाहा.

आता एसएसएच. लॉगमधल्या त्या हजारो प्रयत्नांमागे तुमच्यावर डोळा ठेवून बसलेलं कोणी नाही. इंटरनेटवर २२ नंबरचं पोर्ट (एसएसएचचं दार) उघडं दिसलं की यंत्रं दिवसरात्र नावं आणि पासवर्ड मारत राहतात, जगातल्या प्रत्येक उघड्या मशीनवर. फसलेले प्रयत्न मोजण्यात वेळ घालवू नका, यशस्वी किती ते शोधा. लॉग दाखवणाऱ्या जर्नलसीटीएलला -यू एसएसएच देऊन त्यात 'ॲक्सेप्टेड' हा शब्द शोधा, रोमन लिपीत, पहिलं अक्षर मोठं. प्रत्येक ओळीत कोण, कोणत्या पत्त्यावरून आणि पासवर्डने की चावीने (पासवर्डऐवजी संगणकावर ठेवलेली गुप्त फाइल) हे लिहिलेलं असतं. तुम्ही आणि बहीण सोडून तिसरं कोणी तिथे नसावं. मग प्रत्येक वापरकर्त्याच्या आणि रूटच्याही घरच्या फोल्डरमधल्या डॉट-एसएसएचमध्ये ऑथराइज्ड-कीज ही फाइल बघा. तिथली प्रत्येक ओळ म्हणजे दाराची एकेक चावी. कोणती कोणाची हे तुम्हाला सांगता यायला हवं.

दोन्ही ठिकाणी ठीक असेल तर पासवर्डचा रस्ताच बंद करू. बहिणीच्या संगणकावर एसएसएच-कीजेन चालवून ईडी२५५१९ प्रकारची चावी बनवा, तिला स्वतःचा पासफ्रेज द्या, एसएसएच-कॉपी-आयडीने सर्व्हरवर पोचवा. तुमच्यासाठीही वेगळी. चावीने आत येता येतंय याची खात्री झाली की एसएसएचडीच्या (सर्व्हरवरची एसएसएच सेवा) कॉन्फिग फाइलमध्ये पासवर्ड ऑथेंटिकेशनला 'नो' आणि परमिट रूट लॉगिनलाही 'नो'.

हा बदल करताना मशीनला आत्ता जोडलेली खिडकी बंद करू नका. सूडो लावून एसएसएचडी -टी चालवा, छोटा टी. फाइलमध्ये चूक असेल तर ते सांगेल, गप्प राहिलं तर फाइल ठीक आहे. मग सेवा रीलोड करा. आता दुसरी, नवी खिडकी उघडून लॉगिन करून बघा. जमलं तरच पहिली बंद करा. नाही जमलं तर पहिली खिडकी अजून आत आहे, तिच्यातून बदल मागे घ्या. आणि शेवटी मोठ्या टीने एसएसएचडी -टी चालवून प्रत्यक्षात कोणती सेटिंग लागू आहे ते वाचा. डेबियनमध्ये एसएसएचडी-कॉन्फिग-डॉट-डी या फोल्डरमधल्या फायली आधी वाचल्या जातात आणि जी किंमत पहिल्यांदा भेटते तीच टिकते. मुख्य फाइलमध्ये तुम्ही 'नो' लिहावं आणि त्या फोल्डरमधल्या एखाद्या विसरलेल्या फाइलने आधीच 'येस' म्हटलेलं असावं, हे मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलं आहे.

चावी बसली की मला वाटतं पुढच्या महिन्यात राउटरमधलं २२ पोर्ट बंदच करा आणि वायरगार्ड (बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये येण्याचा सुरक्षित बोगदा, म्हणजे व्हीपीएन) लावा. मार्च २०२० मध्ये आलेल्या ५.६ कर्नलपासून ते लिनक्समध्येच आहे, वेगळं फारसं काही टाकावं लागत नाही. यूडीपीचं एकच पोर्ट उघडायचं, सहसा ५१८२०. ज्याच्याकडे योग्य चावी नाही त्याला ते उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून फिरणाऱ्या यंत्रांना तिथे काही आहे हेही कळत नाही. बहीण त्यातून आत आली की ती घरातल्याच नेटवर्कवर असल्यासारखी होते, फायली, प्रिंटर सगळं मिळतं. एसएसएचचं पोर्ट बदलून दुसऱ्या नंबरवर नेलं तर लॉगमधला गोंगाट कमी होतो. तेवढ्यावर समाधान मानू नका.

फायरवॉल लावायला जाल तेव्हाही हीच काळजी. यूएफडब्ल्यू (फायरवॉलची सोपी कमांड) सुरू करण्याआधी एसएसएचला परवानगी द्या, आणि त्याच्याही आधी ॲट या कमांडने दहा मिनिटांनंतर यूएफडब्ल्यू बंद करण्याचं काम लावून ठेवा. बाहेर अडकलात तर दहा मिनिटं थांबा, दार आपोआप उघडेल. सगळं ठीक असेल तर ते काम रद्द करा. मशीनवर डॉकर (प्रोग्राम वेगळ्या डब्यांत चालवणारी सोय) असेल तर एक लक्षात ठेवा, डॉकरने बाहेर काढलेली पोर्टं यूएफडब्ल्यूच्या नियमांना वळसा घालून उघडी राहतात. सूडो लावून एसएस -टीयूएलपीएन चालवलं की मशीनवर कोणतं पोर्ट कोण ऐकतंय ते एका नजरेत दिसतं. ती यादी आजच एकदा काढून जपून ठेवा.

प्रिंटरचं उत्तर छोटं आहे. राउटरच्या डीएचसीपी (पत्ते वाटणारी सेवा) पानावर प्रिंटरच्या मॅक पत्त्यासाठी (यंत्राच्या नेटवर्क-ओळखीसाठी) एक आयपी राखून ठेवा, सर्व्हरसाठीही. प्रिंटरच्या मेन्यूत जाऊन हाताने आयपी भरू नका, राउटर तोच पत्ता उद्या दुसऱ्या कोणाला देऊ शकतो. आणि वायफाय पुरत नाही म्हणून कोणी दुसरा राउटर आणून जोडला तर त्याचं डीएचसीपी आधी बंद करा. एका नेटवर्कवर दोघं पत्ते वाटायला लागले की अर्धे संगणक चालतात, अर्धे नाही, आणि कोणते अर्धे ते रोज बदलतं. घरातल्या यंत्रांना नावं द्यायची असतील तर शेवटी डॉट-होम-डॉट-आर्पा लावा, ते २०१८ पासून घरच्या नेटवर्कसाठीच राखलेलं आहे. डॉट-लोकल मल्टिकास्ट डीएनएसचं (घरातली यंत्रं एकमेकांना नावाने शोधतात ती पद्धत) आहे, त्यात स्वतःची नावं मिसळू नका.

मेमरीची चिंता सोडा. फ्री -एच मध्ये 'फ्री' हा रकाना बघू नका, 'अव्हेलेबल' बघा. मोकळी मेमरी लिनक्स फायलींच्या कॅशसाठी वापरतं आणि कोणाला लागली की लगेच सोडतं.

जागा करायची म्हणून व्हार-लॉगमधले फोल्डर पुसायचा सल्ला मिळाला असेल तर तो ऐकू नका. काही सेवा आपलं लॉगचं फोल्डर नसेल तर सुरूच होत नाहीत. सिस्टीमडीचा जर्नल मुळातच डिस्कच्या १० टक्क्यांवर आणि जास्तीत जास्त ४ जीबीवर थांबतो, तिथे फार काही सापडणार नाही. अपडेटसाठी अनअटेंडेड-अपग्रेड्स चालू आहे का पाहा, म्हणजे सुरक्षेचे अपडेट आपोआप येत राहतील. तीन वर्षांपूर्वीची डेबियन आवृत्ती आता जुनी झाली असणार, साधारण दर दोन वर्षांनी नवी येते. नव्या आवृत्तीवर जायचं आहेच, पण बॅकअपमधून एकदा फाइल परत आणून दाखवल्याशिवाय नको.

आता थरथरणाऱ्या हाताबद्दल. तो थरथरतो कारण एंटरनंतर काय होईल आणि बिघडलं तर मागे कसं यायचं, हे दोन्ही तुम्हाला माहीत नसतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी तयार ठेवा, पहिल्याची भीती पुष्कळ कमी होते. एक साधी वही करा, कागदाचीच, कारण सर्व्हर बंद पडला की त्यावरची टिपणं वाचता येणार नाहीत. बदल करण्याआधी त्यात तीन ओळी लिहा: आज काय बदलतेय, आधी काय होतं, आणि परत कसं यायचं. तिसरी ओळ सुचत नसेल तर त्या दिवशी तो बदल करू नका. ईटीसीमधली फाइल बदलण्याआधी तिची प्रत काढा. ईटीसीकीपर हे पॅकेज टाकलंत तर ते पूर्ण ईटीसी गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणारा प्रोग्राम) ठेवतं आणि महिन्याभराने 'हे असं कधी झालं' याचं उत्तर तारखेसकट देतं.

कॉपी केलेली कमांड थेट टर्मिनलमध्ये चिकटवू नका. आधी टेक्स्ट एडिटरमध्ये चिकटवा आणि एकेक तुकडा मॅन पानावर (कमांडची माहिती देणारं पान) शोधा. समजा तुम्हाला 'परवानगीची अडचण' म्हणून सीएचमॉड -आर (आर मोठा) ७७७ सापडलं. मॅन पानावर कळेल की याने फोल्डरातल्या प्रत्येक फाइलवर मशीनवरच्या प्रत्येकाला लिहायची मुभा मिळते. तुम्हाला हवं होतं एवढंच की दोघी बहिणींना एकमेकींच्या फायली बदलता याव्यात. त्यासाठी एक ग्रुप करा, दोघींना त्यात घाला, फोल्डर त्या ग्रुपच्या नावावर करा आणि त्या फोल्डरला २७७५ द्या. त्या २ मुळे आत बनणारी प्रत्येक नवी फाइल त्याच ग्रुपची होते. सांबातून (दुसऱ्या संगणकांना फोल्डर वापरू देणारा प्रोग्राम) काम करत असाल तर नव्या फायलींवर ग्रुपला लिहायची परवानगी राहील असा क्रिएट मास्क तिथल्या शेअरमध्ये ठेवा.

जमेल का, असं विचारलंत. दोन कमांडचे आकडे जुळत नाहीत हे तुमच्या लक्षात आलं, ते तुम्ही लिहून ठेवलेत आणि अंदाजाने काही पुसत सुटण्याऐवजी विचारलंत. हे काम करणाऱ्या माणसात मला हेच हवं असतं. बाकीचं शिकता येतं. गुंडाळू नका.

एक फोन मात्र या आठवड्यात कराच, भाच्याला. राउटरचा ॲडमिन पासवर्ड विचारा. बॅकअपची स्क्रिप्ट कुठे आहे आणि ती क्रॉनमधून चालते की सिस्टीमडीच्या टायमरमधून (दोन्ही ठरल्या वेळी काम चालवतात), ते विचारा. बहीण बाहेरून ज्या नावाने जोडते ते डायनॅमिक डीएनएसचं (घरच्या बदलत्या पत्त्याला कायमचं नाव देणारी सेवा) असेल, तर ते खातं कोणाच्या ईमेलवर आहे हे विचारा. त्याच्या जुन्या कॉलेजच्या ईमेलवर असेल तर तो ईमेल बंद होण्याआधी तुमच्या नावावर करून घ्या. आणि ऑथराइज्ड-कीजमध्ये तिसरी, अनोळखी चावी सापडली तर घाबरण्याआधी तिचा शेवटचा शब्द त्याला वाचून दाखवा. तिथे सहसा चावी बनवणाऱ्याचं आणि त्याच्या संगणकाचं नाव असतं. ती त्याचीच निघाली तर ठेवायची की काढायची, हे आता तुम्ही ठरवायचं आहे.